हार्मचं काडतूस, नेव्हाचा हात

मित्रांनो, माझ्यात एका वेळी एकच काडतूस मावतं. नेम चुकला तर मला बिजागरीवर मधोमध मोडून उघडायचं, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं. तोवर हरीण मक्याच्या पलीकडे पोचलेलं असतं. त्यामुळे ते एक काडतूस कसं भरायचं यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. मी लांब नळीचं जुनं शिकारी पिस्तूल. ज्या घरात माझी सगळी हयात गेली, तिथे याच कारणावरून नवरा-बायकोचं जे वैर झालं ते तुम्हाला सांगतो.

कारखान्यात माझी नळी इतकी घासली होती की आत डोकावणाऱ्याला चांदीचा बोगदा दिसे. हार्मने, म्हणजे त्यातल्या नवऱ्याने, मला घेतलं ते हरणांसाठी नव्हे. त्या काळी अमेरिकेतल्या आमच्या मिशिगनमध्ये लांबवर पोलादी मेंढ्यांच्या आकृत्या उभ्या करून त्या पाडायच्या स्पर्धा होत. नुसती गोळी लागून मेंढा पडत नसे, त्याला जोराचा धक्का लागे. म्हणून हार्म स्वतः काडतुसं भरायचा. पितळी कवचाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तराजूवर तोलून घालायची, वर कडक शिशाची जड गोळी दाबून बसवायची. दारू माझ्या नळीला सोसेल तेवढी, पण अगदी काठोकाठ.

"दुकानातलं काडतूस म्हणजे दुसऱ्याचा बूट," तो म्हणायचा. "चालता येतं, पण फोड येतात."

मेंढे धडाधड पडायचे. हार्मचा आडदांड पंजा माझा धक्का असा झेलायचा, जणू कुणी टाळी दिली. लोक मला हातात घेऊन पाहायचे. मला गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू? आमच्या जिल्ह्यात हरणावर रायफल चालवायला मनाई, पण पिस्तूल चालतं. मग तेच मेंढ्यांचं काडतूस घेऊन तो हरणांच्या मागे जाऊ लागला. कडक गोळी हरणातून सुईसारखी आरपार जायची आणि हरीण बरंच लांब पळून मग पडायचं. ते शोधत नेव्हा, त्याची बायको, रक्ताचे ठिपके पाहत फिरायची. पाय तिचे दमायचे, फोटो त्याचा निघायचा.

मग एका वसंतात कांद्याची रोपं लावताना हार्म शेतातच कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात लाकडासारखा झाला आणि जीभ जड झाली. शेत त्याचा भाऊ गेरिट पाहू लागला. मी कपाटात पडून राहिलो. नळीला तेल नाही, नळीवरच्या नेमाच्या दुर्बिणीवर धूळ.

शेवटी नेव्हानेच मला बाहेर काढलं. "या हंगामात हरीण मी मारणार," ती म्हणाली.

हार्म खुर्चीत होता. "माझी काडतुसं... आहेत. भरलेली."

"ती मी झाडून पाहिली. मनगट दोन दिवस सुजलं होतं. गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे मिटतात. मी माझी भरीन."

नेव्हाने मऊ टोकाची हलकी गोळी निवडली. ती हरणात शिरली की फुलते आणि हरीण तिथल्या तिथे बसतं. दारू ती थोडी थोडी कमी करत गेली. एका मापाची काही काडतुसं भरायची, गोठ्यामागे कागदी ताटलीवर झाडायची, भोकं पाहायची, परत काडतुसं भरायच्या यंत्राशी बसायचं. कधी भोकं विखुरलेली, कधी एकावर एक. अखेर एक माप असं सापडलं की तिचे डोळे उघडे राहिले आणि सगळी भोकं तळहाताखाली झाकली गेली. त्या मापावर तिने माझी दुर्बीण जुळवली. मित्रांनो, इतकं हलकं मी आयुष्यात कधी उडालो नव्हतो.

गेरिट कुंपणावर कोपरं टेकून पाहत होता. "वहिनी, हरणाला मारायचंय की जागं करायचंय?"

"तू तुझे कांदे बघ."

"नाही, आवाज छान आहे. वाढदिवसाला फटाक्याऐवजी उपयोगी पडेल. काय रे हार्म?"

खुर्चीतला हार्म हसला, अर्ध्याच तोंडाने. "खेळण्यातली... गोळी. माझं पिस्तूल... लाजेल."

"दुसऱ्याचा बूट घालू नये असं तूच म्हणायचास ना?" नेव्हा म्हणाली. "मग तुझा मी का घालू?"

हार्मने मान वळवली. त्या दिवसापासून तो तिने वाढलेलं वाटाण्याचं सूप निम्मं टाकायचा, आणि ती ते त्याच्यासमोर कुत्र्याला घालायची.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात नेव्हा चर्चच्या बायकांबरोबर मफिन भाजायला गेली. हार्म काठी टेकत काडतुसं भरायच्या टेबलाशी आला. नेव्हाने शिकारीसाठी वेगळी काढून ठेवलेली काडतुसं त्याने एकेक करून उघडली. डाव्या हाताने, घामाघूम होत, वर तिचीच मऊ गोळी, पण आत त्याच्या जुन्या मापाची दारू भरली. माझ्या नळीला ती सोसणारी होती. तेवढं त्याने पाहिलं. तिच्या हाताचं त्याने पाहिलं नाही.

"कळू दे," तो पुटपुटला. "धक्का काय असतो... कळू दे."

बाहेरून ती काडतुसं हुबेहूब तिचीच दिसत होती. मी टेबलावर आडवा पडून सगळं बघत होतो. मला तोंड आहे, पण ते बोलण्यासाठी नाही. त्या दुपारइतका मला कुणाचा राग आला नाही, आणि तो माणूस माझाच होता.

हंगामाच्या पहिल्या सकाळी नेव्हा कापलेल्या मक्याच्या कडेला बसली. एक जाडजूड नर कुंपण ओलांडून आला आणि आडवा उभा राहिला. तिने मला गुडघ्यावर टेकवलं, सावकाश श्वास सोडला, चाप ओढला.

मी उसळलो. तिच्या सैल मुठीतून मागे आलो आणि दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर बसली. कातडी फाटली. जोराच्या दारूने गोळी नळी उचलली जायच्या आधीच सुटली, जुळवलेल्या जागेपेक्षा खाली, मागे गेली आणि हरणाचा मागचा पाय मोडला. तीन पायांवर ते पाणथळीकडे गेलं. चौथा पाय मागे लोंबत होता.

नेव्हा ओरडली नाही. रक्त डोळ्यात उतरत असताना तिने मला मोडलं. तिच्या मापाने कधी न अडकणारं रिकामं कवच आत असं गच्च बसलं होतं की चाकूने उचकटावं लागलं. तिने ते उन्हात धरून पाहिलं. मग उरलेली काडतुसं पाहिली, आणि सगळी खिशात टाकून ती घरी गेली.

हार्म कॉफी पीत होता. तिने ती काडतुसं त्याच्या मांडीवर टाकली.

"ही माझी नाहीत."

तो तिच्या भुवईकडे पाहत राहिला. त्याने कप खाली ठेवला.

"ऊठ. कोट घाल."

"नेव्हा, मी फक्त..."

"माझा डोळा मिटलाय, मला नेम धरता येणार नाही. ते हरीण तू मोडलंयस, मी नुसता चाप ओढला. ऊठ."

तराजूजवळच्या डब्यात तिच्या सरावातली थोडी काडतुसं उरली होती, खरी तिची. ती घेऊन तिने त्याला ट्रकमध्ये बसवलं. शेताच्या कडेपर्यंत ट्रक गेला, पुढे चिखल. तो काठी रोवत चालला. तिने हात दिला नाही. तो दोनदा पडला आणि दोन्ही वेळा ती वाट बघत नुसती उभी राहिली.

हरीण पाणकणसाच्या उंच गवतात बसलेलं होतं. मान ताठ, तोंडातून वाफ. आम्हाला पाहून उठायला गेलं आणि परत बसलं.

नेव्हाने माझ्यात तिचं काडतूस घातलं, घोडा मागे ओढला आणि मला हार्मच्या डाव्या हातात दिलं. त्याने मला कुंपणाच्या खांबावर टेकवलं. जो पंजा मला टाळीसारखं झेलायचा त्याच्याच जोडीचा हा पंजा, आणि तो पानासारखा हलत होता. कितीतरी वेळ तो नेम धरत राहिला. हरीण आमच्याकडे पाहत होतं.

मग मी उडालो, हलका. हरणाने मान खाली ठेवली.

हार्मने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हाताला... लागलं नाही," तो म्हणाला.

"मला लागलं," नेव्हा म्हणाली.

संध्याकाळी ट्रकमधून हरीण उतरवायला गेरिट आला. तिच्या भुवईवरचे टाके पाहून त्याला राहवलं नाही. "काय वहिनी, खेळण्यातल्या गोळीने पण मारलं वाटतं? सांगितलं होतं, बाईच्या हातात..."

"ते काडतूस कुणी भरलं होतं, विचार त्याला," नेव्हा म्हणाली.

गेरिट भावाकडे वळला. हार्मची जीभ नेहमीच जड, पण त्या वेळी ती जास्तच जड झाली. त्याने मान वर केली.

"मी."

गेरिटने टोपी डोक्यावर घातली आणि वाट्याचं मांस न घेता तो निघून गेला.

त्या हिवाळ्यात दोघांनी ते हरीण खाल्लं, टेबलाच्या दोन टोकांना बसून. नेव्हाने दारूच्या डब्यांना कुलूप लावलं. भुवईवरची खूण राहिली ती राहिलीच. मी आता तिच्या कपाटात असतो. तेल वेळेवर मिळतं, पण कौतुक नाही.

मध्ये एकदा हार्म कपाटापाशी आला. ती गोळ्या निवडत होती.

"माझ्या डाव्या हातासाठी... भरशील? थोडी?"

"तुला माझ्याहून हलकं लागेल."

"माहीत आहे."

नेव्हाने त्याच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ, जसं ती कागदी ताटलीकडे पाहते. मग तिने डबा बंद केला. अजून तिने ती भरलेली नाहीत. त्यानेही पुन्हा विचारलेलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते कुणीही करेल. पण दुसऱ्याच्या हातात काही द्याल तेव्हा आधी तो हात बघा. आपल्या ताकदीचं माप दुसऱ्याच्या काडतुसात भरू नका. चूक तुमच्या घरातली असते, आणि तीन पायांवर चिखल तुडवत जातं ते मात्र ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता ते हरीण.