थायलंडचे डोहाळे

"अम्मी, तुम्ही चाखून बघा ना," माहेनूरनं मिक्सरचं भांडं सासूपुढं केलं.

हसीनाबीनं बोटाच्या टोकावर थोडंसं घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे बारीक केले. चव बघताना ती नेहमीच असे डोळे बारीक करायची.

"बरं आहे," ती म्हणाली. "तुला कसं वाटतं?"

"छान झालंय की."

ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. त्यातला माणूस चमचा हलवत सांगत होता, "आता चाखा, आणि आंबट-गोड-तिखट आपल्या जिभेला रुचेल तसं जुळवून घ्या." हसीनाबीनं हात पुसले आणि मोबाइल पालथा घातला.

हे सगळं नूतनताईंच्या फोनपासून सुरू झालं होतं. नूतनताई देवपूरला राहायच्या. त्यांच्या घरचं एकही कार्य हसीनाबीच्या हातच्या स्वयंपाकाशिवाय झालं नव्हतं. मुलगी मेघा बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली होती आणि रविवारी तिचं डोहाळजेवण होतं.

"हसीनाबी, पोरीला डोहाळे लागलेत ते कशाचे, तर थायलंडचे!" नूतनताई फोनवर म्हणाल्या होत्या. "पुण्यात कुठल्याशा हॉटेलात कच्च्या भाज्यांवर शेंगदाण्याचं काहीतरी दाटसर ओतून देतात म्हणे. तेच पाहिजे म्हणते. दुसरं काही पोटात ठरत नाही तिच्या. तुम्हाला नाही जमलं तर राहू द्या, मी नाशिकहून मागवते."

"नाशिकहून कशाला?" हसीनाबी ताडकन म्हणाली होती. "दाणे आपल्याकडे पिकतात. मी करते."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हसीनाबी सिव्हिल हॉस्पिटलात होती. जिवावरचं निभावलं, पण घरी आल्यावर अरशदनं, तिच्या मुलानं, चहा करून दिला तेव्हा तो नुसता गरम लागला. वास नाही, गोडी नाही. येईल हळूहळू, असं सगळेच म्हणत होते. कित्येकांची आलीही. अरशदनं विचारलं तेव्हा तिनंही "आली" म्हणून सांगून टाकलं, कारण तोवर दोन ऑर्डरी हातात होत्या आणि बाई घरात बसून राहणारी नव्हती. नवरा गेल्यावर याच हातांनी तिनं पोर वाढवलं होतं. लोक तिला बोलवायचे तेही या हाताच्या नावानं.

तिची चव परत आलीच नाही. पण हातांना सगळं पाठ होतं. मीठ तळहाताला कळायचं. कांदा शिजल्याचं उलथन्याला कळायचं, आणि काळा मसाला भाजला गेला की रंग सांगायचा. शेवेची भाजी, दालचा, खिचडा, वांग्याचं भरीत, एकाही पंगतीत कोणाला काही वेगळं वाटलं नाही. लोक "वा" म्हणायचे तेव्हा ती मान ताठ करून ऐकायची. मात्र कोणी नवा पदार्थ मागितला, तर काहीतरी निमित्त सांगून टाळायची. या वेळी नाशिकचं नाव निघालं आणि तोंडातून शब्द गेला.

ऑर्डरीच्या दिवसांत भाज्या चिरायला भिकुबाई यायची. जुनी बाई, तोंडाची फटकळ. हसीनाबीनं वाटी तिच्यापुढं सरकवली. भिकुबाईनं चाटलं आणि तोंड कडू केलं.

"आय वं! हाई काय शे, अक्का? नुसती चिंच नि मीठ. बैलले बी दखाडू नको!"

हसीनाबीनं वळून माहेनूरकडं पाहिलं. माहेनूरची मान खाली गेली होती.

भिकुबाई कोथिंबीर धुवायला अंगणात गेली. हसीनाबी सूप घेऊन उंबऱ्यात बसली आणि भाजलेल्या दाण्यांची टरफलं पाखडू लागली. जरा वेळानं म्हणाली, "छान झालंय असं कशाला म्हणालीस?"

"तुम्ही आधी बरं म्हणालात ना, अम्मी. मग मी कशी नाही म्हणू?" बोदवडहून लग्न होऊन आलेल्या माहेनूरला या घरात अजून वर्षही झालं नव्हतं.

हसीनाबीचं सूप थांबलं.

"मला चव लागत नाही, बेटा."

"सर्दी झालीय का? काढा करू?"

"करोनापासून. वासही येत नाही."

माहेनूर तिच्या शेजारी खाली बसली. मग म्हणाली, "मग ईदचा खिचडा? माझ्या अब्बूंनी दोनदा मागून घेतला होता."

"तो हाताला पाठ आहे. हे पाठ नाही."

"आणि कोणालाच सांगितलं नाही?"

"एका भांड्यात चूक सापडली की लोक मागची सगळी भांडी आठवतात. मला ते नको होतं." हसीनाबीनं पुन्हा सूप उचललं. "आता तुला सांगितलं. तू खरं बोललीस तरच हे होईल. नाहीतर नूतनताईंना आत्ताच फोन करते, नाही जमत म्हणून."

"फोन नका करू," माहेनूर म्हणाली. "मी खरं सांगते."

दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली. हसीनाबीनं लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे भाजले. तडतड बारीक झाली तशी आच बंद केली. दाण्यांना तेल सुटून मिक्सरचा आवाज जड होईपर्यंत ते फिरवले. नारळ खवून, पिळून दूध काढलं. भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, आलं, गूळ, चिंच, बाजारातून आणलेला सोया सॉस, सगळं ओट्यावर मांडलं. मोबाइलमधला माणूस लेमनग्रास म्हणाला तेव्हा माहेनूरनं विचारलं, "हे कुठं मिळेल?"

"मोरीजवळच्या डब्यात लावलाय. गवती चहा आहे तो."

पुढं तो माणूस कच्ची पपई किसू लागला. हसीनाबीनं हातानंच त्याला थांबवलं. "पोटुशी बाईला पपई? त्याला म्हणावं, घरी आई आहे की नाही?"

माहेनूर चाखायची आणि हसीनाबी तिच्या तोंडाकडं बघत विचारायची.

"आंबट कुठं लागतंय?"

"कुठं म्हणजे?"

"जिभेच्या कडेला की घशात?"

माहेनूरनं पुन्हा चाखलं. "घशात."

"मग चिंच जास्त झाली. थोडे दाणे घाल, वर गूळ. गोड आधी येतं की मागून?"

"मागून. आणि अम्मी..." ती अडखळली. "खारट आहे."

सासूच्या हातचं खारट म्हणून झाल्यावर तिनंच ओठ चावला. हसीनाबी हसली, मोठ्यानं हसली. "पुन्हा म्हण. असंच म्हणायचं."

वाटीमागून वाटी झाली. शेवटची वाटी त्यांनी भिकुबाईपुढं ठेवली. तिनं काकडीचा तुकडा बुडवून खाल्ला, मग गाजराचा, मग नुसतंच बोट. "आते बरं लागस," ती म्हणाली आणि वाटी आपल्याकडं ओढून घेतली.

रविवारी दोघी रिक्षानं पांझरेचा पूल ओलांडून देवपूरला गेल्या. मेघा हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. चेहरा मात्र सुकलेला. बायकांची गाणी झाली, ओटी भरून झाली. ताटात पुरणपोळी होती, भजी होती, मसालेभात होता. मेघानं कशालाच हात लावला नाही. मग माहेनूरनं तिच्यापुढं काकडी, गाजर, कोबी आणि वाफवलेले मूग ठेवले, आणि वरून ते दाण्याचं दाटसर ओतलं.

हसीनाबी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मेघानं एक घास घेतला, थांबली. नूतनताईंचा हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडं गेला. मेघानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग चमचा बाजूला ठेवून हातानंच खाऊ लागली.

"तसंच झालंय का गं?" नूतनताईंनी विचारलं.

"नाही," मेघा भरल्या तोंडानं म्हणाली. "तसं नाही. त्याला हा भाजलेला खमंगपणा नव्हता. आई, हे जास्त चांगलंय. अजून आहे ना?"

नूतनताईंनी डोळे टिपले आणि हसीनाबीला हाताला धरून बाहेर आणलं. "या आमच्या हसीनाबी! बघा, यांच्या हाताला चवच अशी आहे!"

सगळ्या बायका तिच्याकडं बघू लागल्या. असं कौतुक तिनं आयुष्यभर मान ताठ करून ऐकलं होतं. आज तिनं मागं वळून माहेनूरचं मनगट धरलं आणि तिलाही पुढं ओढलं.

"हात माझा आहे, नूतनताई. जीभ हिची. मला करोनापासून चव लागत नाही."

नूतनताई बघतच राहिल्या. "म्हणजे गेल्या वर्षीची ह्यांच्या एकसष्टीची पंगत?"

"ती मी एकटीनंच केली होती. न चाखता."

"अहो, लोक अजून त्या भरताचं नाव काढतात!"

"माहीत आहे मला," हसीनाबी म्हणाली.

नूतनताईंनी माहेनूरच्या खांद्यावर हात ठेवला. "बारशाला दोघी या. स्वयंपाक मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही."

"येऊ," हसीनाबी म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर माहेनूरनं दोन ताटं वाढली. भाकरी, डाळ, आणि डब्याच्या तळाशी उरलेलं थोडंसं थायलंडचं. हसीनाबीनं त्यात भाकरीचा तुकडा बुडवला आणि चावत राहिली.

"खिचड्याची चव मला आठवते," ती म्हणाली. "भरताची आठवते. घास तोंडात ठेवला की आठवणीनं लागतेच थोडी. हे मी आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. कसं आहे गं?"

माहेनूरनं एक घास घेतला आणि सावकाश खाल्ला.

"आपली दाण्याची चटणी असते ना, पाट्यावर वाटलेली, तेल सुटलेली? आधी ती. मग कैरीला गूळ लावून खाल्ल्यावर जबड्यात येतं ना, तसं. मग लाल मिरची, पण लांबून. आणि सगळं गिळून झाल्यावर गवती चहा. पावसात भिजून आल्यावर चुलीजवळ बसून प्यायचा ना, त्याचा वास."

हसीनाबीनं डोळे मिटले होते. ती एक-एक आठवून एकावर एक ठेवत होती.

"नारळ राहिला," ती म्हणाली.

"हो, नारळ. तो मधे आहे, सगळ्यांना धरून."

हसीनाबीनं मान हलवली आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.