वॉकरवरचा जिराफ

मी जिराफ बोलतोय, आणि गोड बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या प्रवेशद्वारात, सूचनाफलकाशेजारी मला उभं केलंय. येणारा-जाणारा माझ्या गळ्यातली पाटी वाचतो, मान तिरपी करतो आणि ‘च्च’ म्हणतो. त्या ‘च्च’ने माझ्या अंगाची लाही लाही होते. म्हणून झालं काय ते एकदा ऐकाच.

भिंगरी तेव्हा चौथीत होती. भिंगरी हे तिच्या मामाने ठेवलेलं नाव. पायांत जोर कमी, म्हणून ती चाकांचा वॉकर धरून चालते. भिंगरी आहे ती तिची जीभ. शाळेच्या नाटकात तिला दर वर्षी एकच काम. पहिलीत झाड, दुसरीत झाड, तिसरीत झुडूप. चौथीत प्राण्यांच्या सभेचं नाटक होतं. तिने जिराफ मागितला.

नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, जिराफाला चालत स्टेजवर यावं लागतं. तू आपली झाड हो ना, किती गोड दिसतेस!”

घरी येऊन तिने दप्तर आदळलं. “आई, मला काय मुळं फुटलीयेत का गं?”

आई हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर कामाला. दिवसभर लोकांना खिळे आणि नळ दाखवणारी बाई. हातातलं पातेलं तिने ओट्यावर ठेवलं ते दोन घरांपलीकडे ऐकू गेलं असेल. मग तिने भावाला फोन लावला. तो शिंपी.

“दादा, जिराफ शिवता येईल का रे?”

“आजवर एकही जिराफ माप द्यायला आला नाही,” मामा म्हणाला. “पण येतो रविवारी.”

रविवारी मामा शिलाई मशीन घेऊन आला आणि खुर्चीत बसून डोकं खाजवू लागला. जिराफाला चार पाय. दोन मुलीचे, उरलेले दोन कुठून आणायचे? लाकडाचे करावेत की गादीतल्या फोमचे? बहीण-भावाची त्यावरून चांगलीच जुंपली. भिंगरी मधेच ओरडली, “अहो, मला चार आहेतच की! वॉकरचे पुढचे दोन मोजा. बाकीच्या पोरांनाच दोन आहेत, त्यांची काळजी करा.”

माझा जन्म झाला तो त्या घटकेला.

वॉकरचे पुढचे दोन पाय हे माझे पुढचे पाय, मागचे दोन चादरीखाली झाकलेले. मान प्लंबिंगच्या पाइपची, वॉकरला क्लॅम्पने आवळलेली. कातडं म्हणजे पिवळी चादर, तिच्यावर जुन्या सोफ्याच्या कव्हरचे तपकिरी ठिपके. डोळे फ्लशच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्यांचे. पापण्यांसाठी रंगाच्या ब्रशचे केस कापले. शिंगं म्हणून दारामागे लावायचे दोन रबरी गट्टू. जबड्याला बिजागरी, आणि तिथून सायकलच्या ब्रेकची तार थेट वॉकरच्या मुठीपर्यंत. मूठ दाबली की माझं तोंड उघडायचं. मुलीचा चेहरा दिसावा म्हणून मामाने माझ्या छातीत जाळीची खिडकी शिवली.

पहिल्याच चाचणीत मी तोंडावर आपटलो असतो. मान जड झाली होती, वॉकर पुढे कलला. आईने झेप घेऊन दोघांना सावरलं.

“मान निम्मी करू या,” मामा म्हणाला.

“आखूड मानेचा जिराफ म्हणजे गाढव,” भिंगरी म्हणाली. “मी गाढव होणार नाही.”

मग आईने मानेचा वरचा पाइप काढून तिथे हलका फोम घातला, मागच्या बाजूला वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या आणि स्वतः मला गदागदा हलवून पाहिलं. भिंतीवर ढकललं, उंबऱ्यावरून नेलं. शंभरदा तरी. कुठल्या शाळेने एखाद्या झाडाची इतकी काळजी घेतलीय, सांगा मला.

तालमीला मला पाहून बाईंच्या कपाळावर आठी पडली. “हे धोक्याचं वाटतंय हो. पडलीबिडली तर?”

आई म्हणाली, “बाई, ती रोज याच वॉकरवर तुमच्या शाळेत फिरते. व्हरांड्यात धोका नाही, मैदानात नाही, मग स्टेजवरच कुठून आला?”

बाईंनी परवानगी दिली, पण कशी? सगळ्यात शेवटी यायचं, पडद्याजवळ उभं राहायचं, एकच वाक्य. भिंगरीने ते एक वाक्य घरी इतक्या तऱ्हांनी म्हटलं की मामाही मशीन चालवता चालवता पुटपुटू लागला.

नाटकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. रानात पाणी आटलंय, सिंह-माकड-अस्वल एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि आम्ही प्रवेश केला. चाकं कुरकुरली. भिंगरीने श्वास घेतला, मूठ दाबली, माझं तोंड उघडलं...

आणि टाळ्या पडल्या! अहो, अजून ती बोललीच नव्हती! वॉकर पाहून लोक उभे राहिले. कुणी रुमाल काढले, कुणी फोन काढले. तिचं वाक्य त्या गलक्यात कुठल्या कुठे वाहून गेलं. माकडाला वाटलं, झालं. ते पुढचं बोलू लागलं. एवढ्यावरही भागलं नाही. प्रमुख पाहुण्यांना भरून आलं. चालू नाटकात ते स्टेजवर चढले आणि माइक धरून सुरू झाले, “या बिचाऱ्या चिमुकलीने आज आपल्या सर्वांना...”

माझ्या आत ती थरथरत होती. लोकांना वाटलं असेल भीतीने. मी आत-बाहेर दोन्हीकडे होतो, मला विचारा. रागाने!

तिने मूठ करकचून दाबली आणि सोडली. पाहुण्यांच्या कानाशी माझा जबडा खाडकन मिटला. ते दोन पावलं मागे उडाले.

“काका, जरा बाजूला व्हा ना,” जाळीतून आवाज आला. “माझं वाक्य राहिलंय.”

पाहुणे खरंच बाजूला झाले. भिंगरी मला घेऊन पडद्यापासून निघाली ती थेट मधोमध आली. मान वर केली.

“भांडा, भांडा! तळं कुठे आहे ते मला इथून दिसतंय. पण मला विचारतंय कोण?”

आणि असा हशा उसळला की सिंहालाही हसू आवरेना. त्या हसण्यात दया नव्हती. विनोद जमला होता म्हणून लोक हसले होते. मागच्या रांगेत मामा खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारत होता आणि आई त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवत होती.

इथे संपलं असतं तर मी कशाला कुरकुर करतो? पण शाळेने मला मागून घेतलं. वॉकर तर भिंगरीला लगेच हवा होता. मग तिच्याबरोबर माझे चारही पाय गेले आणि तिथे पोछ्याचे चार दांडे आले. गळ्यात पाटी आली: ‘दुर्बलतेवर मात’.

भिंगरीने पाटी वाचली आणि बाईंना गाठलं. “बाई, मी कशावर मात केली? मी फक्त तळं शोधलं. ही पाटी काढा ना.”

“अगं, मुलांना प्रेरणा मिळते,” बाई म्हणाल्या. पाटी तशीच आहे.

यंदा बाईंनीच तिला विचारलं, “पुन्हा जिराफ करशील? लोकांना फार आवडला होता.” ती म्हणाली, “नको. मला लबाड कोल्हीण व्हायचंय. तिला अकरा वाक्यं आहेत.” माझ्या समोर म्हणाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कोल्हिणीचं काम तिलाच मिळालं, आणि मामा शेपटीला लागलाय असं कानावर आहे. माझा राग तिच्यावर नाही.

राग आहे तो या पाटीवर, आणि तिच्याखाली परवा लावलेल्या दुसऱ्या पाटीवर: ‘हात लावू नये’. काल बालवाडीतली एक मुलगी माझ्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून वॉकरपासून सुटून लोंबणारी ब्रेकची तार शोधत होती. सापडलीही असती, पण शिपाई ओरडला आणि ती पळाली.

अहो, मी पूजेची मूर्ती नाही. चादर आहे, पाइप आहे, बिजागरी आहे. फाटलो तर टाका घाला, मोडलो तर क्लॅम्प आवळा. पण त्या दोन्ही पाट्या काढा, आणि त्या पोरीला परत बोलवा. तार डाव्या गालाच्या आत आहे म्हणावं. जोरात ओढ.