डोकं ठेचलेला साप

मे उजाडला की लोक मला साप आणून देतात. लोणच्याच्या बरणीत, बादलीत, खताच्या गोणीत, एकदा तर लग्नाच्या केकच्या खोक्यात. साप मेलेला असतो आणि त्याला डोकं नसतं. म्हणजे असतं, पण दगडाने इतकं ठेचलेलं की ते डोकं होतं हे आणणाऱ्याच्या शब्दावर मानायचं. आमच्या डोंगरात डोक्याचं पीठ केल्याशिवाय साप मेला असं कुणी धरतच नाही. मग ती बरणी माझ्या टेबलावर येते आणि प्रश्न येतो, "सिस्टर, पोस्कोक आहे का हो?"

पोस्कोक म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात विषारी साप; त्याच्या नाकावर शिंग असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि नेमकं नाकच आणत नाहीत.

बत्तीस वर्षं झाली मला या दवाखान्यात. भिंतीवर मी माझ्या हाताने रंगवलेला तक्ता आहे. डावीकडे पोस्कोक, उजवीकडे त्याच्यासारखे दिसणारे गरीब बिचारे, आणि खाली लाल अक्षरांत : मारू नका, लांबून फोटो काढा. त्या तक्त्याच्या खिळ्याला लोक जॅकेट अडकवतात. डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. बाकीचे दिवस मी, रक्तदाबाचं यंत्र आणि फ्रीज. फ्रीजमध्ये विषावरच्या लसीची एक कुपी. एकच. शहरातल्या इस्पितळातला साठा संपलाय, नवा कधी येईल कुणी सांगत नाही. घोड्याच्या रक्तापासून करतात ती लस. एखाद्याला मानवत नाही आणि तिच्यानेच घसा बंद होतो. त्यामुळे देऊन तर बघू, असं करता येत नाही. साप कोणता ते आधी कळायला हवं.

पण माझा खरा वैताग वेगळाच आहे. आमच्याकडे जुन्या घराच्या उंबऱ्याखाली एक मोठा साप राहतो. माणसाएवढा लांब, पिवळट तपकिरी, अंगावर चार काळ्या रेघा. तो राखणदार. त्याला कुणी बोट लावत नाही, म्हाताऱ्या त्याच्यासाठी दूध ठेवतात. तो मारला तर वर्षाच्या आत त्या घरातला कर्ता पुरुष जातो आणि चूल विझते, हे छपरावर डिशा लावलेली माणसंही मानतात. मानू देत. पण राखणदाराच्या पिल्लाच्या अंगावर रेघा नसतात. ते राखाडी असतं, पाठीवर तपकिरी ठिपके, लांबून बघाल तर थेट पोस्कोक. म्हणजे आईला दूध आणि पोराला कुदळ! हे मी शाळेत सांगितलं, चर्चच्या आवारात सांगितलं, मयतीला जमलेल्या लोकांनाही सांगितलं. सगळे मान डोलावतात. चार दिवसांनी पिल्लू बरणीत हजर.

जूनमध्ये, ऐन गवतकापणीत, एका गुरुवारी दुपारी वुकोता आला. गोस्पावाकाकूंचा एकुलता एक मुलगा, पन्नाशीचा, राजधानीत चौथ्या मजल्यावर राहतो आणि वर्षातून दोनदा गवत कापायला वर येतो. दर वेळी आईला म्हणतो, चल माझ्याकडे, आणि काकू दर वेळी म्हणतात, मग उंबऱ्याला दूध कोण ठेवणार? सकाळपासून माझे पाय सुजले होते. नुकत्याच चपला काढून बसले होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"सिस्टर, पोस्कोकने खाल्लं मला!"

उजव्या दंडाला कमरपट्टा आवळून बांधलेला, हात वांग्यासारखा जांभळा. तोंडाला राकियाचा, घरगुती दारूचा भपकारा. मागून काकू, धापा टाकत, हातात झाकण लावलेली बादली.

"किती प्यायलास?"

"औषध म्हणून घेतली. अर्धी बाटली."

"आणि बाकीची अर्धी?"

"जखमेवर ओतली."

"शाब्बास. म्हणजे तू आणि जखम, दोघंही टुन्न. बस खाली, पट्टा काढू दे."

"पट्टा काढू नका! विष वर चढेल!"

"विषाचं नंतर बघू. पट्ट्यानेच हात गळून पडेल तुझा. पंचवीस वर्षं शहरात राहून हेच शिकलास?"

पट्टा सोडला. साप चावून दीड तास झाला होता. पोस्कोक चावला असता तर हा माणूस शुद्धीत माझ्याशी भांडत बसला नसता, गुरासारखा ओरडला असता. पण दारू वेदना झाकते, आणि पट्ट्याने हात आधीच सुजवला होता. चावल्याची जागाही त्याने चाकूने कापून ठेवलेली, त्यामुळे दोन दातांच्या खुणा आहेत की बारीक ओरखड्यांची रांग, काही कळेना. एवढं करून तो फ्रीजकडे बोट दाखवत होता.

"ती सुई द्या ना! कशाची वाट बघताय?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साप बघा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत. खात्री असेल तर द्या, नसेल तर देऊ नका." फोन ठेवला. हे नेहमीचंच, खात्री कायम माझ्या गळ्यात.

"काकू, बादली इकडे द्या."

काकूंनी बादली पोटाशी धरली. "पोस्कोक आहे गं. मी बघितलाय. उगाच हात कशाला घालतेस?"

"मेलेला आहे ना?"

"मेलाय. पण पोस्कोक आहे."

मी बादली जवळजवळ ओढूनच घेतली. हातभर लांब, राखाडी, पाठीवर तपकिरी ठिपके. पाठ मध्यावर एका घावाने तुटलेली. आणि डोक्याच्या जागी चिखल. इतकं बारीक ठेचलेलं मी बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी साप उलटा केला. पोस्कोकची शेपूट आखूड, एकदम निमुळती. ही लांबच लांब होती. शेपटीच्या मुळाशी पोटाकडून एक खवला असतो. पोस्कोकचा अखंड असतो. हा मधोमध दुभंगलेला होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वुकोताकडे पाहिलं. हाताचा जांभळेपणा उतरून बोटं गुलाबी झाली होती, सूजही चढत नव्हती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. कुपी वाचली आणि हा रेडाही वाचला. मी सांगायला तोंड उघडलं.

"आणि हे डोकं?" मी त्याऐवजी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक, सवयीने असेल. "इतकं ठेचायची काय गरज होती? किती वेळा सांगितलं!"

"मी नाही हो ठेचलं," वुकोता म्हणाला. "उंबऱ्यावर पडला होता, मी हुसकायला गेलो तर चावला. कुदळीचा एकच घाव घातला पाठीवर आणि पट्टा शोधायला धावलो. डोकं आईने ठेचलं."

मी काकूंकडे पाहिलं. या बाईने आयुष्यात सापाला काठी लावली नव्हती. तिच्या नवऱ्याने एकदा अंगणात साधी धामण मारली, तर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. गुडघे धरलेले, खाली वाकता येत नाही. ती उंबऱ्याशी बसून दगडाने सापाचं डोकं कुटत बसली होती.

"वुकोता, आतल्या खाटेवर आडवा हो. हात हलवू नकोस. आलेच मी."

तो आत गेल्यावर मी दार ओढून घेतलं.

"काकू, हे राखणदाराचं पिल्लू आहे."

"हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं."

"तूच सांगितलंस ना? शाळेत, चर्चमध्ये. बाकीच्यांनी ऐकलं नसेल, मी ऐकलं." त्यांच्या नखांत अजून रक्त होतं. "तीन वर्षं ते उंबऱ्याशी येतंय. आईच्या मागे मागे."

"मग पोस्कोक म्हणून का सांगितलंत? मी ती सुई टोचली असती तर? त्या सुईनेही माणूस मरतो, काकू!"

"मरतो, पण वाचतोही. पोस्कोकच्या विषाला तुझ्याकडे औषध आहे." त्यांनी माझं मनगट धरलं. "राखणदार मारल्यावरचं औषध आहे का? त्याचा बाप पन्नाशीतच गेला. याला आधीच रात्री झोप लागत नाही, छातीवर हात ठेवून बसतो. याला कळलं की आपण उंबऱ्यावरचा मारला, तर तो वर्षभर मरणाची वाट बघत बसेल. नको सांगूस गं पोरी. पाया पडते."

मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसता थकवा आला. बत्तीस वर्षांत एका माणसाने माझा तक्ता मनापासून वाचला होता, आणि त्याचा तिने हा उपयोग केला होता.

मी आत गेले.

"पोस्कोक आहे," मी वुकोताला म्हणाले. "पण कोरडा चावलाय. कधी कधी दात लावतो, विष सोडत नाही. सुईची गरज नाही. संध्याकाळपर्यंत इथेच पड, सूज आली नाही तर घरी जा."

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पालथा पडून हुंदके देत होता. कुपी फ्रीजमध्ये राहिली. संध्याकाळी हात अगदी पूर्ववत झाला, आणि मी रजिस्टरमध्ये पहिल्यांदा खोटं लिहिलं.

त्यानंतर आठ दिवसांनी वुकोता पुन्हा आला. या वेळी ताठ चालत, हातात बरणी घेऊन. गाडी बाहेर उभी, मागच्या सीटवर गाद्या, भांडी, काकूंचं शिवणयंत्र. काकू त्याच्या मागे दाराशी उभ्या राहिल्या, अंगावर ठेवणीतला काळा झगा.

"आईला नेतोय," तो म्हणाला. "उंबऱ्यात पोस्कोक असताना आईला तिथे ठेवू? उंबऱ्याखालची सगळी भोकं सिमेंटने बुजवली. बुजवताना हे आणखी दोन सापडले. तुमच्या तक्त्याप्रमाणे मारू नका वगैरे ठीक आहे, पण हे पोस्कोकच ना?"

दोन्ही पिल्लं वीतभर होती. डोकी शाबूत होती. या वेळी त्याने माझं ऐकलं होतं. गोल बाहुल्यांचे डोळे, पोस्कोकसारखी उभी फट नाही, आणि नाकावर शिंगही नाही. तक्ता त्याच्या डोक्यामागेच होता. नुसता वळला असता तरी त्याला दिसलं असतं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "पोस्कोक."

"बघ आई! मी सांगत नव्हतो?" तो खुशीत गाडीकडे गेला.

मी काकूंजवळ गेले. "मी आत्ता खरं सांगते त्याला. तुम्हाला घर सोडावं लागणार नाही."

"नको."

"चौथ्या मजल्यावर काय करणार तुम्ही?"

"बसेन." त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. "कर्ता जातो आणि चूल विझते म्हणतात ना? आज सकाळी मी स्वतः चुलीत पाणी ओतलं. साठ वर्षं विझू दिली नव्हती. राखणदाराला काही तरी घ्यायचंच आहे, तर चूल घेऊ दे."

गाडीचा हॉर्न वाजला. काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरल्या.

मी पिल्लं मागच्या अंजिराखाली पुरली आणि बरणी धुऊन ठेवली. मग तक्ता खाली उतरवायला गेले, तर खिळ्याला कुणाचं तरी जॅकेट होतं. आधी ते काढावं लागलं.