भोंग्यातल्या बाईसाहेब

"…आणि मंडळी, बेटावरच्या बदकांना बिस्किटं घालू नका. आमच्या बाईसाहेब म्हणतात, अहो, उद्या त्यांना साखर झाली तर रक्त काढायला मलाच बोलावतील, आणि मला मेलीला पिसांत शीर सापडायची नाही!"

बोट हसली. खालच्या मजल्यावरची, वरच्या मजल्यावरची, कठड्याला टेकलेली, सगळी मिळून दीडशे माणसं हसली. माझ्या सासूबाई हसल्या. मी हसले नाही. भोंग्यातला आवाज माझ्या नवऱ्याचा होता. लॅबमध्ये रक्त काढायचं काम माझं होतं. आणि ते वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते.

"बा…!" माझी लेक ओरडणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. नऊ वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

"कशाला गं दाबतेस तिला?" सासूबाई म्हणाल्या. "कळू दे की त्याला, आपण आलोय ते."

"थांबा, आई. ऐकू दे मला."

*

सकाळी, घरी, मला उद्देशून: सात शब्द.

डबा झाला? दहाची बोट धरा. टोपी घ्या.

मी मोजते. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मोजायला लागले, आता बारा वर्षं झाली लग्नाला. भांडण नाही, व्यसन नाही, हात उगारणं नाही. पानावर बसतो, जेवतो, स्वतःचं ताट धुतो, झोपतो. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस, वर तोंड करून बोलत नाही तुझा नवरा. मीही समजूत घातली होती मनाची. एखाद्याला दाढी विरळ येते, तसे एखाद्याला शब्द कमी येत असतील.

आठ वर्षं तो ही बोट चालवतोय. शहराच्या धक्क्यावरून बेटावरच्या बागेत. पंचवीस मिनिटं जायला, पंचवीस यायला. रविवारी माझी सुट्टी, तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गर्दी. घरच्यांना वर्षातून एकदा फुकट पास मिळतो. दर वर्षी तो पास फ्रिजवर लोहचुंबकाखाली पिवळा पडायचा. यंदा भिंगरी हट्टाला पेटली.

त्याने दहाची बोट सांगितली होती. पण भिंगरी उजाडायच्या आत बूट घालून दारात उभी, त्यामुळे आम्ही नऊचीच गाठली. खाली, मागच्या बाकावर बसलो. केबिन वर, पुढे. त्याला आम्ही दिसत नव्हतो.

*

"उजवीकडे दीपस्तंभ, मंडळी. डावीकडे बघू नका, डावीकडे माझं ऑफिस आहे."

हशा.

"आता तुम्ही म्हणाल, बोटीला उशीर का? बाईसाहेबही हेच विचारतात. अहो, बेट रोज त्याच जागी असतं ना? मग तुम्हाला रोज नव्याने शोधावं कसं लागतं?"

पुन्हा हशा. माझ्या शेजारी एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, मांडीवर घडीची खुर्ची. त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"पहिल्यांदाच का?"

"हो."

"मी दर रविवारी येते. गुडघे बोंबलतात, तरी येते. बाग काय, कुठेही असते. ह्याचं ऐकायला येते मी. आणि ती त्याची बायको! अफलातून बाई. पाण्याला घाबरते म्हणे. हा आंघोळीला गेला की बाहेरून दार वाजवते. 'अहो, आहात ना?'" आजी स्वतःशीच खुदुखुदु हसल्या. "एकदा बघायचंय हो तिला."

भिंगरी माझ्याकडे बघत होती. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"दिसायला कशी आहे, सांगतो का तो?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच सहज निघाला.

"नाही बाई. पण हसरी असणार. हसऱ्या बाईबद्दलच पुरुष असा बोलतो."

*

दुसरी बाई असती तर मला जमलं असतं. खिसे तपासता येतात. फोन बघता येतो. केसाचा रंग, अत्तराचा वास, काहीतरी हाताला लागतं, मग रडायचं की भांडायचं ते ठरवता येतं.

हिचं काय करू? हिने माझी नोकरी घेतली होती, माझं न्हाणीघराचं दार घेतलं होतं. माझ्याच घरात राहून ती माझ्या नवऱ्याला हसवत होती आणि मला तिचा पत्ता आत्ता, दीडशे लोकांच्या नंतर लागत होता. ती 'अहो' म्हणते. मी 'अरे' म्हणते. ती पाण्याला घाबरते. मी शाळेत पोहण्यात पहिली यायचे, आणि हे त्याला माहीत आहे. निदान एकदा सांगितलं होतं.

ती कुठली साडी नेसते, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर काय बोलते, आणि तो तिला काय उत्तर देतो, असले विचार मी करत बसले. मी, दिवसाला साठ माणसांच्या दंडाला पट्टा बांधणारी बाई, एका नसलेल्या बाईच्या साडीचा रंग ठरवत होते. जांभळा. तिला जांभळा शोभत असणार. मला शोभत नाही.

धक्क्यापासून बेटापर्यंत: शेकड्याने शब्द. मला उद्देशून: शून्य.

*

साडेबाराला त्याची जेवणाची सुट्टी. आम्ही मोठ्या झाडाखाली चादर अंथरली होती. तो लांबून येताना दिसला तोच मुळी घरचा होऊन: खांदे खाली, नजर पायांवर.

"आलात? कुठल्या बोटीने?"

"नऊच्या," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. तो बसला. डब्यातलं संत्रं घेऊन सोलायला लागला.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "आई कधी म्हणाली ते बदकांचं?"

"असंच."

"म्हणजे खोटं?"

"गंमत."

"लहानपणापासून हा असाच," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे आले की पोपट, पाहुणे गेले की दगड. ह्याच्या वडिलांना वाटायचं मुलगा मुका आहे. चल गं भिंगरे, आपण बदकं बघू. ह्या दोघांचं जेवण होऊ दे." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर जरा जास्तच भार दिला. त्यांना सगळं कळतं, फक्त त्या मध्ये पडत नाहीत.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण?"

"तुझ्या बाईसाहेब."

"तूच."

"मी? मी पाण्याला घाबरते? मी तुला अहो म्हणते? दार वाजवते मी तुझं?"

तो फोडीवरचे पांढरे दोरे एकेक करून काढत होता. ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. फोड अगदी नितळ झाली तेव्हा त्याने ती माझ्यापुढे धरली.

"लोकांना काहीतरी लागतं," तो म्हणाला.

"आणि घरच्यांना?"

झाडावर कुठलासा पक्षी ओरडत होता, तोही त्याच्यापेक्षा जास्त बोलत होता.

"अरे," मी म्हटलं, "घरी एक भोंगा बसवून घे. जेवायच्या टेबलावर. म्हणजे मलाही मिळतील दोन शब्द."

लागावं म्हणूनच बोलले. लागलं. त्याने फोड खाली ठेवली, तोंड उघडलं. मी थांबले. बारा वर्षांत मी कशासाठीच इतकी थांबले नव्हते.

धक्क्यावरून खलाशाने शिट्टी मारली.

त्याने संत्र्याच्या साली गोळा करून खिशात घातल्या आणि उठला. "चारची धरा," म्हणाला.

*

भिंगरी बूट भिजवून आली. मोजे पिळताना मी तिला काहीतरी टाकून बोलले असेन.

"तू पण तशीच आहेस," ती म्हणाली.

"कशी?"

"सुट्टीत मी लॅबमध्ये आले होते ना? तिथे तू वेगळीच असतेस. 'मूठ आवळा हं राजा, खिडकीत बघा कोण आलंय, झालं, झालं, सोडा मूठ.' घरी फक्त 'आवर लवकर'."

"ते काम असतं माझं."

"मग बाबांचं पण काम आहे."

"बूट घाल," मी म्हटलं. "आवर लवकर."

*

चारची बोट. ह्या वेळी मी मुद्दाम वर चढले. केबिनच्या काचेसमोरचा पहिला बाक धरला. म्हटलं, बघू दे मला. माझ्या तोंडावर बोलून दाखव म्हणावं तिच्याबद्दल. घडीच्या खुर्चीच्या आजीही वर आल्या होत्या, भिंगरीला त्यांनी मांडीजवळ ओढून घेतलं.

भोंगा खरखरला. माणसं सावरून बसली.

"लाइफ जॅकेट बाकाखाली आहेत. कठड्यावर बसू नका."

खट्. बंद.

माणसांनी वाट पाहिली. दीपस्तंभ आला, गेला. कुणी सांगितलं नाही म्हणून कुणी बघितलाही नाही.

"एवढंच?" मागून एक माणूस म्हणाला. "गेल्या खेपेला काय हसवलं होतं!"

"घरी वाजलं असणार," आजी म्हणाल्या. "बाईसाहेबांनी झापलेलं दिसतंय." मग त्यांनी मांडीवरची खुर्ची सावरली. "गुडघ्यांना काहीतरी कारण द्यावं लागतं हो यायला," असं काहीसं पुटपुटल्या.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, इतक्या प्रयत्नाने बघत नव्हत्या की ते कळत होतं.

मी वळून काचेत पाहिलं. सुकाणूवर दोन हात, नजर समोर, ओठ मिटलेले. तो चेहरा मी ओळखत होते. रोज रात्री आठ वाजता माझ्यासमोर बसतो तो. मी जिंकले होते. बाईसाहेबांना मी बोटीवरून उतरवलं होतं. इंजिन धडधडत होतं, लोक मान खाली घालून बसले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दीडशे माणसं माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती.

अजून बारा मिनिटं होती.

"पिशवी बघा, आई," मी म्हटलं आणि उठले. लोखंडी जिना उतरून मागे गेले, पार इंजिनाच्या मागे, जिथे डिझेलचा धूर येतो म्हणून सहसा कुणी बसत नाही. तिथून केबिन दिसत नाही. केबिनमधूनही ती जागा दिसत नाही.

*

बराच वेळ काही नाही. मग खरखर. मग नुसता श्वास, दीडशे जणांना ऐकू जाणारा.

"मंडळी… आज आमच्या बाईसाहेब बेटावर आल्या होत्या."

वरच्या मजल्यावर कुणीतरी 'ओहो' म्हटलं.

"म्हणाल्या, अरे, घरी एक भोंगा बसवून घे. जेवायच्या टेबलावर."

लोक हसायला लागले. मी कठडा धरला. ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा, 'अरे'सकट.

"मी म्हटलं…" तो थांबला. झाडाखाली ह्यावर तो काहीही म्हणाला नव्हता. "मी म्हटलं, बसवतो. पण बटण तू दाबायचं. मला दाबता येत नाही."

बोट फुटली हसून. वरून आजींच्या टाळ्या वेगळ्या ऐकू आल्या. धुरातच उभ्या असलेल्या एका माणसाने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "काय जोडी असेल, नाही?"

"असेल," मी म्हटलं.

परतीच्या बोटीवर, मला उद्देशून: बसवतो, एक. पण, दोन. बटण, तीन. तू, चार. शेवटच्या 'नाही'पर्यंत नऊ झाले. सकाळपेक्षा दोन जास्त. फक्त ते दीडशे जणांत वाटून घ्यायचे होते.

वर तो आता सुटला होता. धक्क्याबद्दल, भरतीबद्दल, बाईसाहेबांच्या चहाबद्दल बोलत होता. त्यातलं माझं किती आणि तिचं किती, हे मला सांगता आलं नसतं.

धक्का जवळ आला. तेव्हा लक्षात आलं, डाव्या हाताने मी कठडा धरलाय आणि उजव्याची मूठ घट्ट आवळली आहे. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा वर आल्या होत्या, छान ठळक. सुई एका झटक्यात गेली असती.

"झालं, झालं," मी हळूच म्हटलं, लॅबमधल्या आवाजात. "सोडा मूठ."

ती लगेच सुटली नाही.