दोन वर्षांचा खोकला

"पंखासुद्धा मेला त्याच्यासारखाच खोकतो," सासूबाई पुटपुटल्या.

खरं होतं. हे जाऊन तीन महिने झाले तरी घरात खोकल्याचा आवाज राहिला होता. टेबलाशी आम्ही तिघं होतो, मी, सासूबाई आणि भाऊजी. चौथ्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं, तरी सकाळी ती थोडी मागे ओढलेली असायची. मी गुपचूप आत सारायची.

यांनी जन्मभर वजनकाटे तपासले. गुंजभर चूक असली तरी शिक्का मारायचे नाहीत. आणि शेवटच्या नोकरीतल्या कंपनीच्या विम्याचं पत्र म्हणत होतं, आजार दोन वर्षांचा, नोकरी चौदा महिन्यांची; माणसाने आजार लपवला, दावा नामंजूर. बिलाचं एक वेळ सोडा. यांना खोटारडं ठरवलेलं मला गिळवत नव्हतं.

अपिलाचा उद्या शेवटचा दिवस. भाऊजी लिहीत होते.

"वहिनी, केसपेपरवर दोन वर्षं खोकला लिहिलंय. ज्याने सांगितलं त्याचा जबाब जोडला, तर डॉक्टर दुरुस्ती द्यायला तयार आहेत."

"यांनीच सांगितलं असेल," मी म्हटलं.

"दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता."

पंखा खोकला.

यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी काउंटरवर फॉर्म भरत होते, भाऊजी गाडी लावत होते. यांच्यापाशी कोण होतं, ते तिघांनाही पाढ्यासारखं पाठ होतं. आमच्या सासूबाई दुकानात दोन मिनिटं उभ्या राहिल्या तरी "तासभर ताटकळतेय रे बाबा" म्हणून पुढे घुसणार. हे हसायचे, "आईचा काटा नेहमी पुढे."

"नर्सने चुकून लिहिलं असं घालू?" भाऊजींनी मान वर न करता विचारलं.

"घाला," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला किती सोलायचं?

सासूबाई उठल्या. यांची खुर्ची ओढून तीत बसल्या.

"दुसऱ्याच्या लेकीवर कशाला ढकलता? खोड ते." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "रांगेत पुढे तिघं होते. खरे पंधरा दिवस सांगितले असते तर बसवून ठेवलं असतं त्याला. लिही. माझा लेक खोटं बोलला नाही. मी बोलले."