फळीवरचे बारा आकडे

तोफ्याच्या तोफेचा आवाज केवढा होता, ते त्याच्याच तोंडून ऐकावं. पहिला गोळा सुटला की तीन गावांतल्या कोंबड्या दोन दिवसांची अंडी एकदम घालून मोकळ्या व्हायच्या. एकदा तर समोरचा डोंगर दचकून पाऊलभर मागे सरला आणि नकाशेवाल्यांना नवा नकाशा काढावा लागला. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही एका माणसाचे दोन कान न्यायला पुरेसं होतं, आणि ते गेले होते. अठरा वर्षं तोफेच्या डाव्या अंगाला उभा राहून तोफ्या घरी परतला, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त एक शिट्टी उरली होती. कधीच खाली न उतरवलेल्या कुकरची असावी तशी, रात्रंदिवस.

आज त्या कानांचा शेवटचा निकाल होता.

लष्करी दवाखान्याच्या लांबलचक ओसरीत बाकावर तो आणि त्याची बायको बसले होते. मांडीवर कागदांची पिशवी, पायात नवे बूट. बूट बायकोने हट्टाने घेतले होते, जाड रबरी तळव्यांचे. "साहेबलोकांपुढे फाटक्या पायांनी गेलात तर कानांकडे बघणारच नाहीत कोणी," असं तिचं म्हणणं. त्याच्याशी बोलताना ती मान वळवून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलायची. तीन वर्षांत तिच्या मानेला त्याचीच सवय लागली होती.

"अहो, परत एकदा सांगा. काय विचारतील?"

"विचारतील, कान कुठे गेले."

"आणि तुम्ही?"

"तोफेवर गेले म्हणेन."

"आणि तो कागद?"

तोफ्याने पिशवीचं तोंड आवळून धरलं. सगळं घोडं त्या कागदाशीच अडलं होतं. तो बहिरा आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. यंत्राने काढलेल्या आलेखात त्याच्या कानांची रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. प्रश्न एवढाच, की कान गेले कधी? नोकरीत गेले असतील तर अपंगत्वाचं निवृत्तिवेतन आणि जन्मभर मोफत इलाज. नंतर गेले असतील तर रामराम. आणि नोकरी सोडतानाच्या तपासणीचा कागद, खाली तोफ्याची स्वतःची सही असलेला, छातीठोकपणे सांगत होता: 'दोन्ही कान उत्तम. वीस फुटांवरून कुजबुजलेले बारा आकडे, बारापैकी बारा बरोबर.'

त्यानंतर तो वर्षभर लाकडाच्या वखारीत करवतीवर कामाला होता. लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने दोनदा तिकडेच बोट दाखवून दावा फेटाळला: कान करवतीने नेले. इकडे वखारवाल्यानेही त्याला वर्ष भरताच घरी बसवलं. "मागून ओरडलेलं तुला कळत नाही. उद्या हात तुटला तर तो मी कुठे ठेवू?" म्हणजे पुढून तोफ, मागून करवत, आणि मधे दोन माणसांचं पोट.

तेवढ्यात ओसरीच्या टोकाकडून बोळ्या आला.

बोळ्या इथला जुना शिपाई. तोफखान्यातल्यांना कानात घालायला कापसाचे बोळे वाटायचा, म्हणून बोळ्या. कान झाकायची चांगली साधनं भांडारात होती, पण ती तपासणीला येणाऱ्या बड्या साहेबांना दाखवायला कुलपात असायची. बोळ्याने आधी ओसरीभर नजर फिरवली, मग तोफ्यासमोर येऊन उभा राहिला आणि घशातून श्वाससुद्धा न काढता नुसते ओठ हलवले. ही त्यांची जुनी भाषा. तोफेजवळ दुसरी चालतच नसे.

'फळीचं नाव काढू नकोस.'

तोफ्यानेही ओठांनीच विचारलं, 'मग मी काय सांगू?'

'काहीही सांग. निवृत्तीला माझे आठ महिने राहिलेत. हे बाहेर आलं तर मला हाकलतील. हातात काही पडणार नाही.'

'आणि माझ्या हातात?'

बोळ्याने खाली बघितलं. मग खरोखरच्या आवाजात, बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला, "आत बोलावलंय," आणि पुढे चालू लागला.

"काय म्हणत होता हो तो?" बायकोने तोंडासमोर येऊन विचारलं.

"पाणी हवंय का विचारत होता."

"बराच वेळ विचारत होता," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

खोली तीच होती. तोफ्याच्या तळपायांना ती पाठ होती; तपासणी अनवाणीच व्हायची. लाकडी जमीन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब लांब फळ्या. एका टोकाला टेबल. दुसऱ्या टोकाला पिवळ्या रंगाने रंगवलेली दोन पावलं, तपासणीच्या माणसाने पाठ करून उभं राहायची जागा. त्या पावलांखालून थेट टेबलापर्यंत गेलेली एक फळी मधल्या तुळईवर सैल होती. टेबलाजवळ टाचेने दाबली की पिवळ्या पावलांखाली नखभर उचलायची. आवाज अजिबात नाही. डॉक्टर कुजबुजणार 'सात', शेजारी वही धरून उभा असलेला बोळ्या सातदा दाबणार, आणि तोफ्या खणखणीत आवाजात म्हणणार, "सात!"

हे दरवर्षी चालायचं. कान वाईट निघाले की तोफेवरून उचलून बटाटे सोलायला बसवत, आणि ती नामुष्की कुणाला हवी? पण निघायच्या दिवशी तरी खरं सांगायचं होतं. तेव्हा बोळ्याच म्हणाला होता, 'कान खराब निघाले तर सहा महिने इस्पितळात ठेवून घेतील. घरी जायचंय ना?' तोफ्याला संध्याकाळची गाडी दिसत होती. बारापैकी बारा. त्याने सही केली, आणि त्या सहीने आपलेच कान कापून सरकारजमा केले.

टेबलामागे मंडळाच्या अध्यक्षा होत्या, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या डावीकडे सभासद, इस्तरीच्या घडीसारख्या चेहऱ्याचा. बोळ्या फायलींचा गठ्ठा धरून टेबलाच्या कोपऱ्याशी उभा. नेमका आपल्या जुन्या जागेवर.

बाई सावकाश, ओठ दिसतील असं बोलत होत्या. "हा कागद तुमचाच ना?"

"होय, मॅडम."

"सही?"

"माझीच."

सभासद म्हणाला, "तेव्हा कान उत्तम. मग वर्षभर करवत. आता कान नाहीत. यात समजायला अवघड काय आहे?"

"तेव्हाही नव्हते, साहेब."

"मग बारा आकडे काय देवाने येऊन सांगितले?"

तोफ्याची नजर बोळ्याकडे जायला निघाली. त्याने ती वाटेतच पकडली आणि परत आणून बाईंच्या ओठांवर ठेवली. "मी फसवलं, मॅडम."

"कसं?"

 कसं सांगायचं म्हणजे कोणी ते सांगणं आलंच. टाच काही आपणहून दाबली जात नाही. शेजारी बायकोचा श्वास वर-खाली होताना त्याला दिसत होता. बाईंनी काही क्षण वाट पाहिली. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पेन उचललं.

"तुमची अडचण मला कळते. पण फसवलं म्हणता आणि कसं ते सांगत नाही. मला कागदावर चालावं लागतं. हे अपील..."

पेन टेकलं. आता तो शब्द उमटणार आणि वर दाद मागायला कोणी नाही.

"मॅडम!" तोफ्या एवढ्या जोरात ओरडला की सभासदाची खुर्ची मागे सरकली. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, त्यातून हा तोफेवरचा. "तीच परीक्षा परत घ्या. इथेच."

"तुम्हाला ऐकू येत नाही हे आम्हाला मान्य आहे."

"म्हणूनच घ्या. आणि आकडे बोलू नका. मनातच ठेवा."

बाईंचं पेन थांबलं.

"चपला काढा, मॅडम, आणि त्या कोपऱ्यापासच्या फळीवर उभ्या राहा. मनातला आकडा जेवढा, तेवढ्यांदा टाचेने दाबा. साहेबांना आधी लिहून दाखवा, म्हणजे मी थापा मारल्या असं कोणी म्हणायला नको. थापा मी मारतो, पण त्या डोंगराबद्दल."

सभासद काहीतरी बोलला. बाईंनी त्याच्यासमोर हात धरला आणि उठल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी टेबलाखाली चपला सोडल्या. मग बोळ्याला म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. तुम्ही फळीवर उभे आहात."

बोळ्याने फायलींचा गठ्ठा छातीशी आवळला. तो बाजूला झाला. बायको भिंतीशी सरकली.

तोफ्या पिवळ्या पावलांवर उभा राहिला, पाठ टेबलाकडे, समोर कोरी भिंत. आता त्याला कोणाचे ओठ नव्हते. डोक्यात फक्त कुकरची शिट्टी. त्याने सगळा जीव पायांत नेला आणि वाट पाहिली.

काही नाही.

आणखी वाट पाहिली. अजूनही काही नाही. फळी ठोकली की काय कोणी? तीन वर्षांत एखाद्या सुताराने मेहेरबानी केली असेल तर?  पायाखालची जमीन सरकली की माणूस संपला म्हणतात. इथे ती सरकत नव्हती म्हणून माणूस संपत आला होता.

त्याने वळून पाहिलं. बाई भुवया उंचावून उभ्या होत्या. सभासदाच्या हातात कागद, कागदावर आकडा, चेहऱ्यावर 'झालं का?'. आणि बायको? बायको जोरजोरात त्याच्या पायांकडे बोट दाखवत होती.

बूट! ते जाडजूड रबरी बूट! त्यांतून भूकंपसुद्धा परवानगी काढून आत आला असता.

नाड्या सुटेनात. नव्या बुटांच्या नाड्या वेळेवर कधी सुटल्यात? शेवटी त्याने ओढून बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पावलं पिवळ्या पावलांवर ठेवली. लाकूड गार होतं.

टक. टाचेखाली मुंगीने पाठ वाकवावी तेवढंच. टक. टक. टक.

"चार," तो भिंतीला म्हणाला.

मग नऊ. मग दोन. मग पुन्हा दोन. एकदा बाईंनी मुद्दाम बराच वेळ दाबलंच नाही, तेव्हा तो म्हणाला, "अजून काही आलं नाही," आणि मग आलेले सहा मोजून सांगितले. बारावा आकडा सांगून तो वळला, तेव्हा सभासद हातातला कागद खालून वर वाचत होता, जणू उलट्या बाजूने चूक सापडेल.

"बारापैकी बारा," बाई म्हणाल्या. "आणि एकही आकडा कोणी बोललं नाही."

सभासदाने कागद खाली ठेवला. "म्हणजे त्या दिवशी या जागेवर कोणीतरी..." आणि त्याने मान वळवून खोलीतल्या माणसांकडे एकेक करून बघायला सुरुवात केली. बोळ्याचा चेहरा त्याच्याच कापसासारखा झाला होता.

बाई अनवाणीच खिडकीशी गेल्या. सगळ्यांकडे पाठ केली. त्यांचे खांदे जरासे हलले. त्या काहीतरी बोलत होत्या. काय, ते तोफ्याला कळलं नाही. पण खोलीतल्या बाकीच्यांना कळलं, कारण सगळे तोफ्याकडे बघू लागले.

"मॅडम," तो म्हणाला, "पाठ करून बोललात तर मला काही कळत नाही."

बाई वळल्या. "माहीत आहे मला," असं म्हणाल्या आणि सभासदाकडे पाहिलं. "मी विचारलं. तुमच्यादेखत विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही."

"त्यांच्या पत्नीला आलंय ना!" सभासद म्हणाला. "ताई, तुम्ही सांगा. त्या दिवशी फळीवर कोण होतं?"

बायकोने तोंड उघडलं. तोफ्याने तिच्या ओठांकडे असं पाहिलं, जसं तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तिची नजर एकदा बोळ्यावरून गेली, आणि त्या नजरेत तीन वर्षांचं घसा फोडून ओरडणं होतं. अर्ज होते, हेलपाटे होते.

"मी त्या दिवशी घरी होते, साहेब," ती म्हणाली. "यांची वाट बघत."

बाई बसल्या, चपला घातल्या आणि लिहू लागल्या. लिहिताना मोठ्याने वाचत होत्या, तोंड तोफ्याकडे करून. "निवृत्तीच्या वेळची चाचणी ग्राह्य धरता येत नाही. कारण, खोलीची जमीन सदोष. श्रवणदोष सेवाकाळातच आणि सेवेमुळेच. अपील मान्य." मग सभासदाला म्हणाल्या, "चौकशी करायची असेल तर फळीची करू. सही करा."

सभासदाने सही केली, पण पेन कागदात रुतवून. शिक्का उमटवायला बोळ्या पुढे आला. त्याने तो पहिल्यांदा उलटा मारला आणि दुसऱ्यांदा सुलटा.

तोफ्या बायकोबरोबर ओसरीत आला. तो बाकावर बसला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अनवाणी आहोत. मागून बोळ्या धावत आला, हातात ते बूट. त्याने ते खाली ठेवले आणि पुन्हा नुसते ओठ हलवायला लागला. 'माफ कर. तुझे...'

"भाऊजी," बायको म्हणाली, "मोठ्याने बोला. नाहीतर असंच बोला, मला काय फरक पडतो? तीन वर्षं यांच्या तोंडासमोर तोंड करून बोलतेय. ओठ मलाही वाचता येतात."

तोफ्या तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे मघाशी, इथे..."

"फळी, आठ महिने, सगळं," ती म्हणाली. "आणि तुमचं ते पाणीसुद्धा."

बोळ्या खांबासारखा उभा. तिने खाली वाकून बुटांची नाडी सोडवायला घेतली, आणि मान वर न करता म्हणाली, "आठ महिने झाले की घरी या, भाऊजी. तोवर गप्प बसते. त्यानंतर मात्र मी जे बोलेन ना, ते यांनासुद्धा ऐकू जाईल."

तोफ्याला यातलं काही कळलं नाही, कारण ती खाली बघून बोलत होती. पण बोळ्याचा हात आपोआप खिशात कापूस चाचपायला गेला, ते त्याने पाहिलं.