आबांच्या हाताचा काटा

बंकटआबांच्या हाताला काटा लागत नाही, हे वडवणीच्या आठवडी बाजारात कुणालाही विचारा. मूठभर लसूण उचलला की आबा म्हणणार, "दीडशे ग्रॅम." हट्टाला पेटून कुणी शेजारच्या दुकानात मोजायला गेला, तर दीडशेच भरायचा. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं, आणि आबांची लेक करिष्मा मागं गोणीवर बसून फुगून जायची. बाकीच्यांनी बॅटरीवरचे काटे घेतले. आबांचा आपला जुना तराजू आणि लोखंडी मापं. "यंत्र फसवतंय, हात न्हाई फसवत," म्हणायचे.

करिष्माला पोलीस व्हायचं होतं. भरतीला दीड महिना राहिलेला. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. गोळा कुठून आणायचा? मग आबांनी आपलं पाच किलोचं माप दिलं. पोरीनं ते गोणपाटात घट्ट शिवून घेतलं. रोज पहाटे रान गाठायचं, फेकायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी गोणपाट उसवून आबांना परत. गेल्या महिन्यात ते सहा मीटरच्या रेघेपल्याड पडायला लागलं. पाच किलो सहा मीटर! मग मैदानातला चार किलोचा गोळा तर उडूनच जाणार की! आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लेकीच्या दंडात लई ताकद हाय माझ्या."

पण धावताना दम तुटायचा आणि उजवा खांदा दुखायचा. म्हणून बापलेक बीडला व्यायामाचं पुस्तक घ्यायला गेले.

स्टँडजवळच्या दुकानात दोन निघाली. एक चकचकीत, रंगीत. त्यातल्या बायांच्या अंगावर घामाचा थेंब नाही आणि भोवती सगळी यंत्रं. दुसरं जाडजूड, काळंपांढरं, कुण्या निवृत्त क्रीडाशिक्षिकेनं लिहिलेलं. सलवार-कमीज घातलेल्या बायका वजन उचलताना हातानं काढलेल्या. करिष्माचा जीव रंगीतवर. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही तळहातांवर दोन पुस्तकं ठेवली, डोळे मिटले.

"हे तीनशेच्या आत हाय. हे साडेसातशे. हेच घे. जड हाय म्हंजी लिहिणारीनं कष्ट घेतलेत."

दुकानदार हसला, तर आबा उठून शेजारच्या पेढेवाल्याच्या काट्यावर पुस्तक ठेवून आले. सातशे पंचावन्न. आता बोला!

पुस्तक खरंच गुणाचं निघालं. खांदा का दुखतो ते पहिल्याच दिवशी कळलं. पण तिसऱ्या पानावर बाईंनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सरावाला जे वजन घ्याल ते आधी काट्यावर मोजा. त्यावर कोरलेला आकडा खरा धरू नका. स्वतःची ताकद खोटी मोजणारी मुलगी मैदानात रडते.'

बाई म्हणतात तर मोजू, म्हणून करिष्मा बाजाराच्या आदल्या दिवशी माप उसवून जाहेदाचाचीच्या पिठाच्या गिरणीत गेली. काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि थांबले. चार किलो दोनशे साठ.

"चाची, काटा बिघडलाय तुमचा."

"अगं वा! सकाळपासून अख्खं गाव दळून गेलं, तवा न्हाई बिघडला?" चाचीनं साखरेचा किलोचा बंद पुडा काट्यावर टाकला. एक किलो. बरोब्बर एक किलो.

तिनं माप उलटं केलं. मापाच्या बुडाला शिशाची गोल टिकली असते, तिच्यावर सरकारी शिक्का असतो. इथं टिकलीच्या जागी काळं काहीतरी लिंपलेलं. चाचीनं खिळ्यानं टोकरलं. डांबर निघालं. आत पोकळ, चांगलं खोल. लोखंडच कोरून काढलेलं.

गिरणीचा पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं.

"दर बाजाराला पाच किलो कांदे नेते मी," चाची सावकाश म्हणाली. "घरात खाणारी अकरा तोंडं. तुझे आबा वरून दोन कांदे आणखी टाकतात. 'घ्या भाभी, लेकरांना,' म्हणतात. बारा वर्सं झाली बेटा, मी त्या दोन कांद्यांसाठी दुआ देत घरी जाते."

करिष्माला वाटलं, जमीन दुभंगावी. तिचे सहा मीटरही खोटे होते, तेही आत्ता ध्यानात आलं. पण त्याचं काही वाटेना. आबांना ठाऊक नसेल, एवढाच एक धावा मनात चालला होता. जुनं माप आहे, कुणीतरी फसवून विकलं असेल. ठाऊक नसेलच. पण तो हात? लसणाचे दहा ग्रॅम ओळखणारा हात?

घरी येताना तिनं माप ओढणीत गुंडाळून गाठ मारली. आबा ओट्यावर बसून कांदे निवडत होते.

"आबा, डोळे मिटा. हे किती हाय सांगा."

आबांना असले खेळ लई आवडायचे. हसत त्यांनी डोळे मिटले, हात पुढं केला. करिष्मानं ओढणीतलं ओझं तळहातावर ठेवलं. पाच म्हणा आबा, देवा, पाच म्हणू दे त्यांना. चुकू दे एकदा.

आबांनी हात जरासा वरखाली केला.

"सव्वाचार. त्याच्यावर धा ग्रॅम. वढणी सोडून." मग भुवया आवळल्या. "गोळा घेतलास का गं? तुला तर चाराचा पायजे ना? कुणी दिला? फसवलं की पोरी तुला! असल्या माणसाचं तोंड बघू न्हाई."

करिष्मानं गाठ सोडली. आबांनी डोळे उघडले. तळहातावर काळं माप होतं, आणि मापावर उठावदार पाचचा आकडा.

हात तसाच पुढं राहिला.

"उद्या बाजार हाय, आबा," करिष्मा म्हणाली. "जाहेदाचाची कांदे न्यायला येणार हाय."